उजवा कौल

देवाला प्रश्न विचारायचा तर त्याचं उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढ्यात मावलं पाहिजे. सिंधुदुर्गात ग्रामदेवतेच्या देवळात कौल लावायला गेलेल्या माणसाला गुरव आधी हेच बजावतो. ‘माझं पुढं कसं होणार?’ चालत नाही. ‘मी काय करू?’ हेही चालत नाही. मुंबईहून रात्रभर गाडीत अवघडून आलेला चाकरमानी कहाणी सांगू लागतो. तिच्यात नोकरी येते, भावाशी बिनसलेलं येतं, बायकोचं दुखणं येतं, विहिरीचं आटलेलं पाणी येतं. गुरव सगळं ऐकून घेतो आणि म्हणतो, “तां सगळा झाला. आता विचारूचा काय हा, तां सांग.” माणूस गप्प होतो. नेमकं काय विचारायचंय हे त्याला तोवर ठाऊकच नसतं.

अशी कितीतरी माणसं मी सभामंडपात खांबाला टेकून विचार करत बसलेली पाहिली आहेत. देवाच्या दारात पोचल्यावर माणसाला विचार करावा लागतो, ही गोष्ट मला फार आवडते. एरवी श्रद्धा म्हटलं की डोळे मिटून हात जोडलेलं चित्र काढायची आपल्याला सवय आहे. इथे मात्र डोक्यातला गुंता सोडवून, त्यातला एकच धागा हातात धरून आल्याखेरीज देव बोलतच नाही.

प्रश्न ठरला की पुढचं फारसं अवघड नाही. पूजा झालेली असते. गुरव फुलाच्या पाकळ्या पाण्यात बुडवून देवाच्या पाषाणावर दोन्ही अंगांना चिकटवतो. काही गावांत पाकळ्यांऐवजी तांदळाचे दाणे असतात. उजव्या अंगाची पाकळी आधी पडली तर होकार, डाव्या अंगाची पडली तर नकार. आमच्याकडे उजवी म्हणजे देवाची उजवी, आपली नव्हे. नवखा माणूस इथे हमखास फसतो आणि उगीचच आनंदतो. कधी कधी दोन्ही पाकळ्या तशाच राहतात. मग पुन्हा विनवणी, पुन्हा वाट पाहणं. गोव्यातल्या देवळांत याला प्रसाद घेणं म्हणतात. रीत थोडी वेगळी, पण जीव तितकाच टांगणीला.

पाकळी सुटायच्या आधी गाऱ्हाणं घातलं जातं. मला विचाराल तर कौलापेक्षा गाऱ्हाणं मोठं. गुरव नारळ हातात घेऊन देवाला हाक मारतो आणि एकट्या देवाला मारत नाही. रवळनाथ, सातेरी, पावणाई, वेताळ, गावाची शीव राखणारा, घराचा मूळ पुरुष, सगळ्यांना नावानं बोलावून बसवतो. मग हा कोणाचा कोण, पोटासाठी कुठे राहतो, कशासाठी आलाय, त्याच्या हातून काही चुकलं असेल तर ते पदरात घे, आणि आता याचं एवढं काम करून टाक. हे ‘करून टाक’ आर्जवानं म्हटलेलं असतं आणि थोडं दरडावूनही. मागे उभे असलेले मानकरी प्रत्येक वाक्याला ‘होय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. एका माणसाची अडचण अशी सगळ्या गावाच्या तोंडून देवापर्यंत जाते.

अशा रीतीनं मोठमोठ्या गोष्टीही ठरतात. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा कुठल्या ठरावीक तिथीला नसते. देवीला कौल लावून तारीख निघते आणि ती जाहीर झाली की मुंबईत लाखो लोक रजेचे अर्ज लिहितात, कोकण रेल्वेला जादा गाड्या सोडाव्या लागतात, पुढारी आपले दौरे त्यानुसार आखतात. इतक्या लोकांचं वेळापत्रक आजही देवीच्या होकारावर ठरतं, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. आम्हाला तिकीट मिळेल की नाही याची चिंता असते.

पाकळी का पडते, हे मला शाळेतच कळलं होतं. पाणी सुकतं, चिकटपणा जातो, वारा लागतो, ती पडते. दगडाची उजवी बाजू दाराकडे असेल तर आधी उजवी पडायची शक्यता जास्त. कॉलेजात असताना सुट्टीत आलो तेव्हा मी वडिलांना हे सगळं समजावून सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “ता खरा. पण माणूस डावी पडली तरी मान्य करता, तां कशामुळा?” त्याचं उत्तर विज्ञानाच्या पुस्तकात नव्हतं, म्हणून मी विषय बदलला.

कौलाची वाईट बाजूही मला ठाऊक आहे. करणीचा संशय घेऊन शेजाऱ्याचं नाव काढायला, कोणाचं लग्न मोडायला, कोणाचं गावात पाणी बंद करायला देवाच्या तोंडून वदवून घेतलेलं मी ऐकलं आहे. आजाऱ्याला अंगारा लावून दिवस काढलेत, तेही. कोकणात विंचवाचं उदाहरण अजून जुनी माणसं देतात. लाल विंचू चावला की मांत्रिकाकडे न्यायचं आणि रात्र काढायची, आणि त्या रात्रीत मूल हातचं जायचं. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या विषाचा हृदयावर काय परिणाम होतो याचा अभ्यास केला, रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यावर लागू पडतं हे दाखवलं आणि मरणाऱ्यांचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. ज्या घरातलं मूल त्या गोळीनं वाचलं त्या घरानं देवाला नारळही दिलाच असेल आणि मला त्यात काहीच विसंगत वाटत नाही. पण डॉक्टरकडे न जाण्यासाठी कौल लावणारा माणूस देवावर भार टाकत नाही. तो देवाच्या आडून आपली टाळाटाळ लपवतो. आमच्या गुरवाला हा फरक फार चांगला कळायचा. दुखण्याचं विचारायला कोणी आलं की त्याचा पहिला सवाल असे, “डॉक्टर काय सांगता?”

आईच्या वेळीही त्यानं हेच विचारलं.

आईच्या हृदयाची एक झडप आकसली होती. चार पावलं चालली की धाप लागायची, रात्री उशा रचून बसल्या बसल्या झोपायची. मुंबईतल्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. केलं तर धोका आहे, न केलं तर हळूहळू काय होईल ते दिसतंच आहे, असं त्यांनी स्वच्छ शब्दांत समजावलं, आणि निर्णय आमच्यावर सोडला. आम्हा भावंडांत मतं फुटली. पुण्याचा दादा म्हणे करूया, डोंबिवलीची ताई म्हणे या वयात कशाला चिरफाड, आणि मी दोघांचंही खरं आहे असं म्हणून दोघांचाही राग ओढवून घेत होतो. वडील काही बोलत नव्हते. फोनवर फोन चालले होते, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर फिरत होते, कोणाचा तरी मेहुणा दुसरं मत सुचवत होता.

आईनं एके संध्याकाळी फोन आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, “डॉक्टरान सांगल्यान, तुमीय सगळ्यांनी सांगलास. आता तेका विचारूया.” तेका म्हणजे रवळनाथाला.

आम्ही सगळे गावी जमलो. देवळाच्या पायऱ्या चढताना आई दोनदा थांबली. सभामंडपात तिच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती, ती तिनं बाजूला सारली आणि खांबाला पाठ लावून खाली बसली. गुरवानं डॉक्टरचं काय म्हणणं ते ऐकलं. मग दादानं पुढे होऊन प्रश्न घातला, की ऑपरेशन यशस्वी होऊन आई बरी होऊन घरी येऊ दे. गुरव मान हलवत म्हणाला, “ह्या मागणा झाला. मागणा येगळा, विचारणा येगळा.” दादा अडखळला. तेव्हा आईच बसल्या जागेवरून म्हणाली, “करू काय नको, इतक्याच विचार.”

इतकंच. बरी होईन का, किती दिवस जगेन, त्रास होईल का, यातलं काहीही तिला देवाकडून नको होतं. कुठल्या वाटेनं जायचं तेवढं सांग, वाटेत काय भेटेल ते मी बघेन, असा तो प्रश्न होता. तिथे उभा असताना मला हे सुचलं नव्हतं. नंतर कितीतरी रात्री ते वाक्य आठवून आठवून मी हा अर्थ लावला आहे आणि तो तिच्या मनात तसाच असेल याची मला खात्री देता येणार नाही.

पाकळ्या लावल्या गेल्या. काळ्या पाषाणावर लाल पाकळ्या, त्यांच्या कडेनं निघालेला पाण्याचा ओघळ देवाच्या पोटापर्यंत आलेला. गुरव गाऱ्हाणं घालत होता, मागून ‘होय म्हाराजा’ येत होतं. आम्ही सगळे पापणी न लववता त्या पाकळ्यांकडे पाहत होतो. डाव्या पाकळीचं एक टोक सुटून वर आलं होतं आणि ताईनं माझा दंड धरला होता. बराच वेळ गेला. गुरव घाम पुसून पुन्हा सुरुवातीपासून सगळ्या देवांना हाका मारू लागला. आईनं मला खुणेनं जवळ बोलावलं. मला वाटलं, तिला भीती वाटतेय. ती कानाशी कुजबुजली, “दूध फ्रिजात ठेवलंस मां? नायतर फाटात.”

मी फ्रिजात ठेवलंय म्हणून सांगेपर्यंत उजवी पाकळी पडली. मागे सगळ्यांनी श्वास सोडला तो ऐकू आला.

त्या दिवसापासून आई वेगळीच झाली. तिनं ऑपरेशनविषयी एकही प्रश्न विचारला नाही. आम्ही इंटरनेटवर काय काय वाचत होतो, ती लोणच्याच्या बरण्यांवर फडकी बांधत होती. पण हीच बाई आम्हाला न सांगता तालुक्याच्या बँकेत जाऊन नॉमिनीचं नाव बरोबर आहे की नाही ते पाहून आली. पाटल्या कुणाला, सोनसाखळी कुणाला, हे तिनं ताईला सांगून टाकलं. देवावर भार टाकलेल्या माणसानं नॉमिनी कशाला तपासावा, असं कोणी म्हणेल. तिला त्यात दोन गोष्टी दिसतच नव्हत्या. जे आपल्या हातातलं ते आपण नीट करून ठेवायचं आणि उरलेलं ज्याचं त्याच्याकडे. ऑपरेशनच्या आदल्या रात्री त्या वॉर्डात आम्हा तिघांपैकी कोणाचाही डोळा लागला नाही. ती मात्र उशा रचून, बसल्या बसल्या, घोरत होती.

ऑपरेशन चांगलं झालं. सर्जननं बाहेर येऊन तसं सांगितलं, दादानं पेढे आणले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी फुप्फुसात जंतुसंसर्ग झाला, ताप चढला, व्हेंटिलेटर लावला आणि मग आई गेली.

सुतकात येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घर भरलं. प्रत्येकाकडे एक खुलासा होता. कोणी म्हणालं, देवानं ऑपरेशनला उजवी दिली होती, ऑपरेशन तर नीट झालंच की, पुढचं तुम्ही विचारलंच नव्हतं. कोणी म्हणालं, तुमच्या घराचं देवाचं काहीतरी देणं राहिलं असणार. एका लांबच्या आतेनं हळूच विचारलं, प्रश्न घालताना कोणाला सोयर-सुतक तर नव्हतं ना? सगळ्यांना देवाला वाचवायचं होतं. त्याची बाजू मांडायला सगळे धावले होते, आणि त्या धावपळीत गेलेल्या बाईविषयी मात्र कोणी बोलत नव्हतं. वडील प्रत्येकाचं ऐकून घेत, चहा घेणार का विचारत.

वर्ष झाल्यावर एका साध्या सोमवारी, जत्रा नाही की सण नाही, वडील मला म्हणाले, चल देवळात. नारळ घेतला होता. गुरवानं त्यांच्याकडे पाहिलं आणि नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. वडिलांनी त्याला हातानं थांबवलं. स्वतः पुढे झाले. आयुष्यभर देवळात मागे उभे राहून ‘होय म्हाराजा’ म्हणणारा हा माणूस, त्या दिवशी देवासमोर उभा राहून मोठ्यानं म्हणाला, “तू उजवो कौल दिलंस. आमी तुझ्यार भार घातलो आणि तिका घेवन गेलंव. मगे ह्यां काय केलंस?”

पुढं पुष्कळ बोलले. लग्नापासूनचं बोलले, गिरणीच्या संपातलं बोलले, तिच्या हाताचा घावन, तिचं धाप लागणं, शेवटी नळ्या लावलेला चेहरा. मधूनच आवाज चढत होता. मी त्यांना एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं, आमच्याशी तर नाहीच. माफी मागणं कुठेच नव्हतं आणि मागणंही काही नव्हतं. गाऱ्हाणं संपलं, म्हणजे ते थांबले. देवळात आम्ही तिघंच. साथ द्यायला कोणी मानकरी नव्हते. मग गुरवानं, त्याच देवाच्या पूजेवर ज्याचं घर चालतं त्या गुरवानं, हात जोडून म्हटलं, “होय म्हाराजा.”

परत येताना मी त्यांना विचारलंच, की इतकं सगळं होऊन तुम्ही पुन्हा त्याच्याकडे कशाला आलात. ते चिडले. “मगे खंय जावचा? भांडाण झाला म्हणान कोण घर सोडता?”

त्यानंतर देवाशी भांडूनही त्याला न सोडणं मला दुसरीकडेही दिसू लागलं. पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात ते फार उग्र रूपात आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे देवावर सर्वस्व टाकणारे होते. तीर्थामागून तीर्थ करत, पुराणं सांगत, आलेलं दानधर्मात वाटून टाकत हे कुटुंब वर्षानुवर्षं फिरलं. १८७४ च्या दुष्काळात जवळचं सगळं संपलं आणि तरीही देव पावेल म्हणून व्रतं आणि अनुष्ठानं चालू राहिली. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मग थोरली बहीण. देवाच्या हवाली केलेलं घर असं भुकेनं जवळजवळ संपलं. जाण्यापूर्वी वडिलांनी रमेला सांगितलं होतं, की मी तुला देवाच्या हाती दिलं आहे, तू त्याची आहेस. ज्या देवांपायी घर संपलं त्यांच्यावरचा रमाबाईंचा विश्वास पुढे उडाला. त्यांनी ते मोकळेपणानं लिहिलं, १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म घेतला आणि महाराष्ट्रात त्याबद्दल शिव्याशाप सोसले. पण वडिलांचं ते वाक्य त्यांनी कधी टाकून दिलं नाही. ज्या देवाच्या हाती वडिलांनी दिलं, तो कोण हे शोधायला त्या धर्माची सीमा ओलांडून गेल्या. केडगावच्या मुक्ती सदनात १८९६-९७ च्या दुष्काळातल्या शेकडो उपाशी मुली त्यांनी आणून ठेवल्या. उद्याचं धान्य कुठून येणार हे पुष्कळदा ठाऊक नसे. भुकेनं ज्यांचं घर गेलं त्या बाईनं पुन्हा एकदा देवाच्याच भरवशावर इतकी पानं मांडावीत, याला काय म्हणायचं? भोळेपणा नक्कीच नाही. भोळेपणा त्यांचा सोळाव्या वर्षी जळून गेला होता.

अखेरच्या काळात त्या संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, हिब्रू आणि ग्रीक शिकून, बायाबापड्यांना कळेल अशा भाषेत. १९२१ मध्ये मनोरमा, एकुलती एक मुलगी, गेली. तरी काम थांबलं नाही, ते पुरं झालं आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. त्या बायबलात ईयोबाचं पुस्तकही आहे. निर्दोष माणसावर संकटांमागून संकटं येतात, मित्र समाचाराला येऊन देवाची बाजू मांडतात, तुझंच काही चुकलं असणार म्हणतात, आणि ईयोब ते न मानता थेट देवालाच जाब विचारतो. शेवटी देव रागावतो तो मित्रांवर. माझ्याविषयी खरं बोलला तो ईयोबच, असं सांगतो. ते वाचताना मला आमच्या ओसरीवर चहा पीत बसलेले सगळे नातेवाईक दिसले होते, त्या आतेसकट.

आपल्याकडे तर ही रीत जुनीच. तुकोबांच्या घरात दुष्काळानं पहिली बायको आणि मुलगा नेला, व्यापार बुडाला. त्यांच्या गाथेत विठोबाला दिलेले टोले मोजायला बसलं तर दिवस पुरणार नाही. जनाबाईनं तर त्याला शेलक्या शिव्या घातल्या आहेत आणि वारकऱ्यांनी त्या अभंग म्हणून शतकानुशतकं गायल्या. परक्या माणसाला कोणी अशा शिव्या घालत नाही. तुकोबांची ती धार आपण आज तसबिरीत घालून मऊ करून टाकली आहे. संकटात खरं आधार देणारं जे होतं, ते त्या धारेतच होतं असं मला वाटतं. देव सगळं चांगल्यासाठीच करतो, असं दुःखातल्या माणसाला सांगणारे लोक मला आता सोसवत नाहीत. ते त्याच्या तोंडातलं गाऱ्हाणं काढून घेतात.

वडिलांचं ते घर सोडण्याचं वाक्य गोव्यात मात्र उलटं झालं होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा कुट्ठाळीच्या मंगेशाला आणि केळशीच्या शांतादुर्गेला घेऊन माणसं नदीपल्याड अंत्रुज महालात गेली, पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर. मंगेश प्रियोळला आला, शांतादुर्गा कवळ्याला. आपल्याला वाचवायचं ज्याच्यावर सोपवलं, त्यालाच उचलून वाचवायची पाळी आली. ‘तू असताना आमच्यावर ही वेळ का?’ असं त्या होडीत कोणी ना कोणी नक्कीच म्हणालं असेल. म्हणत म्हणत वल्हंही मारलं असेल. मंगेशीच्या आणि कवळ्याच्या आजच्या त्या चकचकीत आवारात, दीपस्तंभासमोर मोबाइलवर फोटो काढणाऱ्या गर्दीत उभं राहिलं की मला ते वल्हं मारणारे हात आठवतात. विश्वास एकट्या माणसानंच देवावर टाकायचा असतो असं नाही. त्या रात्री देवानंही माणसांवर टाकलाच होता.

माझ्यापुरतं सांगायचं तर पाकळी पाणी सुकल्यामुळे पडते हे माझं मत अजून तसंच आहे. आईला होकार मिळाला तो वाऱ्यामुळे की आणखी कशामुळे, हे मी आता ठरवायला जात नाही. पण पाकळी पडण्यापूर्वी आम्हा भांडणाऱ्या भावंडांना तिनं एका छताखाली आणून गप्प उभं केलं होतं, आणि पडल्यानंतर ‘तुझ्यामुळे झालं’ असं एकानंही दुसऱ्याला आजवर म्हटलेलं नाही. निर्णयाचा सगळा बोजा देवानं उचलला. आई गेल्याचा दोषही वडिलांनी त्याच्याच पदरात नेऊन टाकला. तेवढं सोसण्याइतका देव मोठा असला पाहिजे. नसेल तर मग त्याच्याकडे भार तरी कसला द्यायचा?

सध्या आमच्यासमोर नवा पेच आहे. घरामागच्या सड्यावरची जमीन विकत मागायला माणूस आलाय. किंमत डोळे फिरवणारी आहे. रिसॉर्ट होईल म्हणतो. लोक म्हणतात चिऱ्याची खाण होईल. सातबाऱ्यावर आजोबांच्या पिढीपासूनची नावं आहेत, काही मेलेली, काही विसरलेली. चुलतभावाला मुलीच्या शिक्षणासाठी पैसे हवेत, त्याचं खोटं नाही. दादा म्हणतो, बापजाद्यांची जमीन. मी नेहमीसारखा दोघांचंही बरोबर म्हणतोय आणि दोघंही माझ्यावर चिडलेत. शेवटी चुलतभाऊच म्हणाला, कौल लावू, जे येईल ते दोघांनी मान्य करायचं. तो आणि मी नारळ घेऊन देवळात गेलो.

जुना गुरव आता थकलाय, त्याचा मुलगा पूजा करतो. जीन्सवर सोवळं नेसून तो बाहेर आला आणि सगळं ऐकलं. प्रश्न बरोबर बांधलेला होता, होय किंवा नाही असाच. तरी त्यानं मान हलवली. “सातबाऱ्यार किती नावा हत?” आम्ही सांगितलं. “ती सगळी खंय आसत?” कोणी भांडुपला, कोणी वापीला, दोघं अमेरिकेत, एक काका बडोद्याला. “मगे तेंका आधी विचारलास? सगळे भाव इल्याशिवाय मी कौल लावचंय नाय. देवाक भावकीचा काम सांगू नकात.”

नारळ तसाच परत आणला. चुलतभावानं सगळ्यांचा एक ग्रुप केलाय, त्यात आतापर्यंत शुभ सकाळचे संदेश आणि एक जुनं भांडण एवढंच झालं आहे. अमेरिकेतले दोघं रविवारी बोलायला तयार आहेत. बडोद्याच्या काकांचा नंबर मात्र लागत नाही. तो बदलला असावा. त्यांच्या मुलीचं सासर सुरतेला आहे असं ताई सांगते, तिकडून कळतंय का बघतो आहे.